जोसेफ ग्रिमाल्डी : इंग्लंडचा विदूषक

इंग्लंडांत नाताळ जवळ आला म्हणजे गांवोगांवच्या नाटकगृहांत ‘पँटोमाइम’ नांवाचे खेळ लागतात, आणि आईबापांचे हात धरून मुलांचे थवेच्या थवे तिकडे लोटतात. आज त्या खेळांत संवाद आहेत, गाणीं आहेत, म्हातारीचें सोंग घेतलेला पुरुष आहे, आणि प्रेक्षकांनीं ओरडून पात्रांस सावध करण्याचीही चाल आहे. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं हाच खेळ मुख्यत्वें मुका होता. त्या मुक्या खेळास ज्यानें जीव दिला, आणि ज्याच्या नांवावरून इंग्लंडांत आजही विदूषकास ‘जोई’ म्हणतात, त्या जोसेफ ग्रिमाल्डीचें चरित्र आम्ही येथें आमच्या वाचकांस सांगणार आहों. लोकांस हांसविणें हा त्याचा धंदा होता, आणि त्या धंद्यानें त्याचे हातपाय घेतले.

प्रथम हा खेळ मुका कां होता तें सांगितलें पाहिजे. त्या काळीं लंडन शहरांत पात्रांनीं बोलावयाचें नाटक करण्याचा अधिकार मुख्यतः ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन ह्या दोन नाटकगृहांसच राजाच्या सनदेनें मिळालेला होता. १७३७ सालच्या कायद्यानें हा निर्बंध अधिकच घट्ट झाला आणि तो १८४३ सालापर्यंत टिकला. मग इतर नाटकगृहांनीं करावें काय? त्यांनीं गाणें, नाच, कसरत, दोरावरचे खेळ आणि हावभावांनीं सांगितलेली गोष्ट ह्यांवर पोट भरावें. इस्लिंग्टन येथील सॅडलर्स वेल्स हें नाटकगृह अशांपैकींच होतें. एखादी गोष्ट हातवाऱ्यांनीं कळण्याजोगी नसली तर कापडाच्या पट्ट्यावर चार शब्द लिहून तो पट्टा प्रेक्षकांपुढें उलगडीत. कायद्यानें तोंड बांधलें म्हणून नटांचे हातपाय बोलूं लागले, असें म्हटलें तरी चालेल. पुढें हा खेळ लोकांस इतका आवडला कीं, ज्यांना बोलण्याची मोकळीक होती त्या दोन मोठ्या नाटकगृहांनींही तो उचलला. कारण वर्षभराच्या गंभीर नाटकांत आलेली तूट नाताळचा एक पँटोमाइम भरून काढी.

असा खेळ लिहावयाचा तो कसा, हें आमच्या विद्यार्थ्यांस विशेष मौजेचें वाटेल. त्याचा सांचा ठरलेला असे. आरंभीं आजीबाईच्या गोष्टींतील एखादी कथा घ्यावयाची: एक मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा गरीब तरुण, तिचा लोभी बाप किंवा पालक, आणि त्यानें तिच्यासाठीं ठरविलेला श्रीमंत पण नकोसा वर. ह्या भागांत पात्रें कागदाच्या लगद्याचीं भलीं मोठीं डोकीं चढवून येत. गोष्ट अडली म्हणजे एखादी परी अथवा चेटकीण प्रकट होई. तिनें खूण करतांच तीं डोकीं आणि वरचे झगे गळून पडत, आणि तरुणाचा हार्लेक्विन होई, मुलीची कोलंबाइन, बापाचा पँटलून नांवाचा थेरडा, आणि चौथ्याचा क्लाउन, म्हणजे विदूषक. ह्यांतलीं पहिलीं तीन सोंगें मूळचीं इटलीच्या नटांचीं. मग जो पाठलाग सुरू होई तो लंडनच्या गल्ल्यांतून, दुकानांतून, खानावळींतून थेट शेवटच्या झगमगाटाच्या देखाव्यापर्यंत चाले. हार्लेक्विनच्या हातांत एक लांकडी फळी असे. तिचा फटका बसतांच पेटीची खुर्ची होई किंवा दुकानाचा तुरुंग होई. ह्यासाठीं देखाव्यांना बिजागऱ्या लावून झडपा बसविलेल्या असत व पडद्यामागचे सुतार दोऱ्या ओढून त्या एका क्षणांत पालटीत. भिंतींत आणि जमिनींतही चोरदारें असत. त्यांतून नट उडी घेऊन नाहींसा होई, आणि पलीकडे चार माणसें कांबळें ताणून त्याला झेलीत. तीं माणसें क्षणभर गाफील राहिलीं तर हाड मोडलेंच म्हणून समजावें.

लेखकाचें काम येथपर्यंत. पुस्तकांत क्लाउनच्या वाट्यास बहुधा एक-दोन ओळी येत: अमुक ठिकाणीं तो शिरतो, कांहीं चोरतो, पकडला जातो, निसटतो. पण चोरलेला पदार्थ खिशांत घालतांना त्याचे डोळे कोणीकडे फिरावे, शिपायास पाहून त्याच्या गुडघ्यांनीं काय करावें, हें लिहिण्यास कोणाची लेखणी पुरी पडणार? तें नटानें रोज रात्रीं आपल्या देहानें लिहावें, पडदा पडला कीं तें पुसलें जावें, आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां लिहावें. ग्रिमाल्डी हा ह्या अर्थानें पँटोमाइमचा लेखकच होता असें आमचें मत आहे, जरी जाहिरातींत लेखक म्हणून दुसऱ्याचें नांव असे.

जोसेफचा जन्म १८ डिसेंबर १७७८ रोजीं लंडन शहरीं झाला. त्याचा बाप जुझेप्पे हा इटालियन वंशाचा. तो ड्रुरी लेन येथें नाच बसवी व पँटलूनचें काम करी. मुलगा झाला तेव्हां त्याचें वय साठीच्या पुढें गेलेलें होतें. आई रेबेका ब्रुकर ही नर्तकी होती. बाप कमालीचा तापट, विक्षिप्त आणि मरणास भिणारा. मुलगा तीन वर्षांचाही झाला नव्हता तोंच १७८१ सालच्या ईस्टरमध्यें त्यानें त्याला सॅडलर्स वेल्सच्या रंगभूमीवर उभें केलें. पुढें एका खेळांत जोसेफ माकड होई, आणि बाप त्याच्या कमरेची सांखळी धरून त्याला डोक्याभोंवतीं गरगर फिरवी. एके रात्रीं ती सांखळी तुटली आणि पोर प्रेक्षकांत जाऊन पडलें. सुदैवानें तें एका वृद्ध गृहस्थाच्या कुशींत पडल्यामुळें वांचलें. चूक झाली कीं मार ठरलेला असे. प्रेक्षकांस वाटे, पोर काय सुंदर रडण्याचें सोंग करतें!

ह्या बापानें एकदां आपल्या दोन्ही मुलांची परीक्षा घेण्याचें ठरविलें. अंधाऱ्या खोलींत अंगावर चादर ओढून तो निपचित पडला, आणि बाप मेला असें मुलांस सांगण्यांत आलें. जोसेफला कांहीं कपट असावें असा संशय आला व त्यानें मोठ्यानें गळा काढला. धाकटा भाऊ जॉन मात्र भोळा. आतां मार चुकला ह्या आनंदानें तो नाचूं लागला. तत्क्षणीं प्रेत उठून बसलें आणि जॉनला बेदम मार बसला. ही गोष्ट पुढें ग्रिमाल्डी स्वतःच सांगे. ऐकणारे हांसत, आणि आम्हांलाही हंसूं येतें. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलास घरींदारीं सोंग करूनच जीव वांचवावा लागत होता हें त्या हंसण्यांत विसरून चालणार नाहीं.

१७८८ सालीं बाप खरोखरच वारला. संसाराचा भार नऊ वर्षांच्या जोसेफवर पडला. बाप असतांना सॅडलर्स वेल्सकडून त्याला आठवड्यास १५ शिलिंग मिळत. बाप जातांच ते ३ शिलिंगांवर आणण्यांत आले. ड्रुरी लेनचे चालक प्रसिद्ध नाटककार शेरिडन ह्यांनीं मात्र कोणी न मागतां त्याचा पगार वाढवून आठवड्यास एक पौंड केला. जॉनला घर सोसेना. तो लहानपणींच जहाजावर निघून गेला. जोसेफ मात्र राहिला. दोन नाटकगृहांत एकाच रात्रीं काम असे, आणि एकीकडचा रंग तोंडावर तसाच ठेवून तो गल्ल्यांतून धांवत दुसरीकडे जाई.

ह्या दगदगींतही त्याला एक छंद होता, तो आमच्या विद्यार्थ्यांस आवडेल. तो फुलपांखरें व कीटक जमवी. रात्रीं खेळ संपल्यावर डार्टफर्ड गांवापर्यंत सुमारें पंधरा मैल पायीं चालत जाऊन, सकाळीं निळीं फुलपांखरें धरून, संध्याकाळच्या खेळास तो परत हजर होई. त्याचा संग्रह चार हजारांपर्यंत गेला होता. मग एका रात्रीं घरांत चोर शिरले आणि त्यांनीं त्या सगळ्याचा चुराडा केला. त्यानंतर त्यानें तो नाद सोडून कबुतरें पाळलीं.

सॅडलर्स वेल्सचे एक मालक ह्यूज ह्यांची कन्या मारिया हिच्याशीं त्याचें लग्न झालें. हें सुख फार थोडे दिवस टिकलें. १८०० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पहिल्याच बाळंतपणांत ती वारली. त्याच वर्षीं ईस्टरला, म्हणजे तिच्या मृत्यूच्या कांहीं महिने आधीं, सॅडलर्स वेल्स येथें धाकट्या चार्ल्स डिब्डिननें लिहिलेल्या ‘पीटर विल्किन्स’ ह्या खेळांत ग्रिमाल्डीनें क्लाउनचें नवें रूप लोकांपुढें आणलें होतें. पूर्वींचा क्लाउन म्हणजे तांबड्या गालांचा, मळकट कपड्यांचा अडाणी खेडवळ. ग्रिमाल्डीनें चेहरा, मान सारी पांढरी फटफटीत रंगविली, गालांवर लाल ठिपके काढले, भुवया उंच चढविल्या, आणि रंगीबेरंगी भडक पोशाख केला. दिव्यांच्या मंद उजेडांत लांबच्या बांकावरील माणसासही त्याच्या चेहऱ्यावरील बारीक हालचाल दिसावी, हा त्याचा उपयोग. आज जगांतल्या सर्कशींतून जो पांढऱ्या तोंडाचा विदूषक आपण पाहतों त्याचा वंश बराचसा येथून चालू झाला आहे.

मारिया गेल्यावर तो पुन्हां कामावर उभा राहिला. पुढें एका खेळांत बुटांत खोंचलेलें पिस्तूल उडून त्याचा पाय भाजला, आणि त्या दुखण्यांत मेरी ब्रिस्टो नांवाच्या नर्तकीनें त्याची शुश्रूषा केली. १८०१ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं त्यांचा विवाह झाला, व १८०२ सालच्या नोव्हेंबरांत त्यांस एक पुत्र झाला.

१८०३ सालच्या नोव्हेंबरांत एके रात्रीं ड्रुरी लेनच्या मागील दारीं एक गृहस्थ ग्रिमाल्डीस भेटावयास आला. तो जॉन होता! इतक्या वर्षांनीं समुद्रावरून आलेला भाऊ, जवळ भरपूर पैसा, अंगावर चांगले कपडे. खेळ चालू असल्यामुळें जोसेफला मध्येंच रंगभूमीवर जावें लागे. प्रत्येक प्रवेशानंतर तो धांवत येई आणि दोघे भाऊ पुन्हां बोलूं लागत. खेळ संपल्यावर आईकडे जावयाचें ठरलें. जोसेफ कपडे बदलून बाहेर आला, तों जॉन तेथें नव्हता. त्या रात्रीनंतर तो कोणासही दिसला नाहीं. पुष्कळ शोध केला. कांहीं उपयोग झाला नाहीं. नाटककारानें अशी गोष्ट रचली असती तर आम्ही तिला अतिशयोक्ति म्हटलें असतें. दुसऱ्या दिवशीं ग्रिमाल्डीस नेहमींप्रमाणें लोकांस हांसवावयाचें होतेंच.

आतां त्याच्या कीर्तीच्या शिखराकडे वळूं. १८०६ सालीं तो कॉव्हेंट गार्डनमध्यें आला. चार्ल्सचा धाकटा भाऊ टॉमस डिब्डिन ह्यानें तेथें ‘मदर गूज’ नांवाचा पँटोमाइम लिहिला. हंसिणीच्या पाठीवर बसून वादळांतून उडणारी एक वृद्धा, तिनें कॉलिन नांवाच्या तरुणास दिलेली सोन्याचीं अंडीं घालणारी हंसी, त्या अंड्यांवर भाळलेला कॉलिनेटचा पालक अव्हारो, आणि तिच्याशीं लग्न करूं पाहणारा धनाढ्य स्क्वायर बगल, असें हें कथानक. सर्व अंडीं एकदम मिळावीं ह्या हांवेनें हंसी मारली जाते, वृद्धा संतापते, सर्वांचीं रूपें पालटते, आणि सोन्याचें अंडें समुद्रांतून परत मिळेपर्यंत पाठलाग चालतो. बगलचा क्लाउन होई, आणि तो ग्रिमाल्डी. हार्लेक्विन होता त्याचा मित्र बोलोन्या.

खेळाची तयारी घाईची होती आणि देखाव्यांचा थाट बेताचाच होता. ग्रिमाल्डीस स्वतःस तर आपलें काम अगदींच सामान्य वाटे, आणि हें मत त्यानें पुढेंही बदललें नाहीं. तथापि २९ डिसेंबर १८०६ रोजीं पडदा वर गेला आणि त्या हंगामांत तो खेळ ९२ रात्रीं चालला. नाटकगृहास २०,००० पौंडांहून अधिक नफा झाला असें सांगतात. डोळे दिपविणारें कांहीं नव्हतें, म्हणूनच लोकांचे डोळे त्या एका माणसाच्या चेहऱ्यावर खिळले असावेत, असें आम्हांस वाटतें.

ह्यापुढें सुमारें पंधरा वर्षें नाताळ म्हणजे ग्रिमाल्डी असें समीकरण झालें. हातीं येईल त्या वस्तूंतून दुसरेंच कांहीं उभें करण्यांत त्याचा हात कोणी धरीत नसे. १८१० च्या एका खेळांत त्यानें मंडईंतल्या भाज्या रचून एक माणूस तयार केला. तो माणूस जिवंत होऊन त्याच्याशींच मुष्टियुद्ध खेळूं लागला, आणि शेवटीं निर्मात्यासच पळतां भुई थोडी झाली. दुसऱ्या एका खेळांत पाळण्यास चीजच्या चार गोल चकत्यांचीं चाकें लावून त्यानें घोडागाडी केली. लष्करी स्वारांच्या पोशाखाचा भपका त्या काळीं फार वाढला होता. ग्रिमाल्डीनें कोळशाच्या दोन बादल्या बूट म्हणून पायांत चढविल्या, आणि तो डौलानें मिशी पिळीत पुढें आला. कोणाचें नांव घेतलें नाहीं, एक अक्षर बोलला नाहीं, आणि सर्व शहर समजलें. लॉर्ड बायरनसारखा कवि त्याच्या चाहत्यांत होता. सफरचंदें विकणाऱ्या म्हातारीचें ‘हॉट कॉडलिन्स’ हें १८१९ सालचें त्याचें गाणें तर लोकांस इतकें प्रिय झालें कीं, तें म्हटल्याशिवाय त्याला कोणी जाऊं देईना.

आमच्या शाळांच्या संमेलनांतून असें पुष्कळदां दिसतें कीं, ज्या मुलास भाषण पाठ होत नाहीं त्याच्या गळ्यांत विदूषकाचें सोंग बांधण्यांत येतें. वरील हकीकत वाचून ही चाल उलट करावीशी वाटेल अशी आशा आहे. आपल्या तमाशांतला चांगला सोंगाड्या पाहिलेल्या पालकांस हें निराळें सांगावयास नको.

पण ह्या कामाचा देहावर काय परिणाम होत होता? ऑर्सन नांवाच्या रानटी मनुष्याचें एक काम तो करी. त्याच्या पहिल्या अंकानंतर तो आपल्या खोलींत जाऊन कोसळे व हुंदके देऊन रडे. अशा श्रमांत, रोजच्या उड्यांत आणि पडण्यांत त्याचीं हाडें व सांधे झिजत गेले. चाळिशी उलटली तेव्हां तो म्हातारा झाला होता. शेवटच्या दिवसांत रंगभूमीच्या दोन्ही बाजूंस माणसें उभीं ठेवावीं लागत. तो आंत येतांच तीं त्याला हातांवर झेलीत, गांठी आलेले त्याचे स्नायु चोळीत, आणि पुन्हां वेळ झाली कीं बाहेर सोडीत. आंत तो वेदनेनें तळमळत असे, आणि त्याच वेळीं बाहेरच्या हंशाचा आवाज त्याच्या कानांवर येत असे. १८२३ सालीं, पंचेचाळीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, त्याला नियमित काम सोडावें लागलें. सॅडलर्स वेल्समध्यें १८१८ सालीं भाग घेऊन त्यानें पैसाही बराच गमावला होता.

त्याच्या उदासपणाविषयीं एक कथा सर्वत्र सांगतात. कोणी खिन्न मनुष्य वैद्याकडे जातो, वैद्य त्याला ग्रिमाल्डीचा खेळ पाहावयास सांगतो, आणि तो मनुष्य म्हणजे ग्रिमाल्डीच निघतो. ही कथा इतर विदूषकांविषयींही सांगितली जाते, म्हणून आम्ही ती खरी धरीत नाहीं. त्याचें खरें दुःख तिच्याहून साधें होतें. त्याची जागा त्याच्या मुलानें घेतली. मुलगा गुणी होता, बापाची सारी कला त्याला अवगत होती. परंतु तो मद्याच्या आहारीं गेला, आईबापांपासून तुटला, आणि १८३२ सालच्या डिसेंबरांत अवघ्या तिसाव्या वर्षीं वारला. ग्रिमाल्डीस बापानें मारून शिकविलें. त्यानें स्वतः मुलावर हात उगारण्याऐवजीं जीव लावला, त्याला शिक्षण दिलें. दोन्हींचा शेवट असा कां झाला, ह्याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं.

१८२८ सालीं त्यानें लोकांचा निरोप घेतला, तोही दोनदां. १७ मार्च रोजीं सॅडलर्स वेल्स येथें एक खेळ झाला. कॉव्हेंट गार्डननें त्याच्या मदतीसाठीं आपलें घर देण्याचें नाकारल्यामुळें शेवटचा खेळ २७ जून रोजीं ड्रुरी लेन येथें झाला. म्हणजे ज्या घरांत तो बापाच्या हाताखालीं वाढला त्याच घरीं. त्याला उभें राहतां येत नव्हतें. क्लाउनच्या पोशाखांत तो खुर्चीवर बसून आला, बसूनच एक प्रवेश केला, बसूनच गाणें म्हटलें, आणि मग कसाबसा उठून चार शब्द बोलला. नाटकगृह तुडुंब भरलें होतें. ड्रुरी लेनच्या नटांच्या निधींतून त्याला वर्षास १०० पौंड मिळूं लागले व त्यावर त्याचा उदरनिर्वाह चालला.

पत्नीही गेल्यावर तो पेंटनव्हिल भागांत एकटा राही. रोज संध्याकाळीं तो जवळच्या एका खाणावळींत जाऊन जुन्या मित्रांशीं गप्पा मारी. पायांत बळ नसल्यामुळें खाणावळीचा मालक रोज रात्रीं त्याला पाठीवर घेऊन घरीं पोंचवी. ३१ मे १८३७ च्या रात्रीं असाच तो घरीं आला, निजला, आणि सकाळीं उठला नाहीं. पेंटनव्हिलच्या सेंट जेम्स देवळाच्या आवारांत त्याला पुरण्यांत आलें.

मरणापूर्वीं त्यानें आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा पसारा आटोपशीर करण्याचें काम एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या लेखकाकडे आलें. ह्या लेखकास लहानपणीं, १८१९-२० च्या सुमारास, नाताळांत ग्रिमाल्डीचा खेळ पाहावयास लंडनला आणलें होतें. त्याचें नांव चार्ल्स डिकन्स. तें पुस्तक क्रुकशँकच्या चित्रांसह १८३८ सालीं निघालें, आणि वर आलेल्या पुष्कळशा गोष्टी त्यामुळेंच आज उपलब्ध आहेत. १९४६ सालापासून प्रतिवर्षीं फेब्रुवारींत लंडनमध्यें त्याच्या स्मरणार्थ देवळांत उपासना होऊं लागली. पुढें विदूषक तिला रंग लावून, पूर्ण पोशाखांत येऊं लागले. सेंट जेम्सच्या आवाराची आतां बाग झाली असून तिला ग्रिमाल्डीचें नांव आहे. तेथें २०१० सालीं शवपेटीच्या आकाराच्या फरश्या जमिनींत बसविण्यांत आल्या. त्यांवर पाय पडला कीं सूर निघतात, आणि मुलें नीट नाचलीं तर त्यांतून ‘हॉट कॉडलिन्स’ची चाल वाजते.